तक्त्यात आलेलं ‘अनडू’

आम्ही स्क्रीन बनवायला वापरतो त्या जावास्क्रिप्ट लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, नवी आवृत्ती आज सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात बसवली. आता ऑर्डरच्या तक्त्यात ‘अनडू’ आहे, म्हणजे पुसलेली ओळ परत आणता येते.

पॅकिंग बघणाऱ्या मल्लव्वा मावशी चूक होईल या भीतीने स्क्रीनला हातच लावत नव्हत्या. मालक त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घेणार होते.

मी त्यांना मुद्दाम एक ओळ पुसायला लावली.

“गेली की. आता बोलणी मलाच.”

“हे बटण दाबा, मावशी.”

ओळ परत आली. मग त्यांनी स्वतःहून तीनदा पुसली, तीनदा आणली.

“हे आधी का न्हाय दिलंस?”

दोन महिने मी त्यांनाच शिकवत बसले होते. उणीव माझ्या स्क्रीनमध्ये होती. दुपारच्या सगळ्या ऑर्डरी त्यांनी एकटीने भरल्या.

तुम्ही बनवलेल्या स्क्रीनला कोण घाबरतं, विचारलंय कधी?