त्यांनी माझ्या लेकीसाठी प्रार्थना केली

सिस्टरनं माझ्या लेकीला नाव घेऊन पुढं बोलावलं.

परिपाठ चालू होता. सगळी शाळा पटांगणात रांगा करून उभी. मी मागं नळाजवळ, हातात खराटा. अश्विनी तिसरीत. पुढं जाताना ती हसत होती. तिला वाटलं, अक्षर चांगलं म्हणून बक्षीस मिळणार.

सिस्टरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. माईक जवळ घेतला.

"मुलांनो, आज आपण आपल्या अश्विनीसाठी प्रार्थना करू या. तिचे बाबा घर सोडून पूर्णेला दुसऱ्या बाईजवळ राहतात. त्या दुःखानं अश्विनी रात्री अंथरूण ओलं करते. प्रभू येशू तिच्या बाबांना परत आणो आणि तिला बरं करो. सगळ्यांनी उजवा हात अश्विनीकडे करा."

सगळ्या शाळेनं हात केला. बालवाडीपासून चौथीपर्यंत. मास्तरांनी, बाईंनी, फाटकावरच्या वॉचमननं पण.

माझी लेक अजून हसतच होती. हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, फळ्यावरचं पुसायचं राहून जातं तसं. मग तिनं मला शोधलं. एवढ्या हातांवरून तिची नजर नळापाशी आली.

पूर्णेतल्या त्या बाईचं तिला माहीत नव्हतं.

तिला मी सांगितलं होतं, पप्पा पूर्णेला रेल्वेच्या ठेकेदाराकडं कामाला आहेत, सुट्टी मिळत नाही. स्टेशनाकडून गाडीचा भोंगा आला की ती म्हणायची, "पप्पाची गाडी." खरं काय ते मला माहीत होतं, माहेरी वालूरला माझ्या आईला माहीत होतं, आणि सिस्टरला. सिस्टरला मीच सांगितलं होतं.

खराटा माझ्या हातातून पडला नाही. हे मला अजून टोचतं. मी तशीच उभी राहिले. प्रार्थना संपल्यावर सगळे "आमेन" म्हणाले, त्यात मीही म्हणाले. सवयीनं. माझ्याच लेकीची अब्रू गेली आणि मी आमेन म्हणाले.

मी त्या शाळेत मावशी आहे. वर्ग झाडायचे, संडास धुवायचे, लहान लेकरांची नाकं पुसायची. मी स्वतः वालूरच्या शाळेत चौथी शिकले. चौथी झाली आणि आईबापासंगं ऊसतोडीच्या टोळीवर गेले. परत शाळेचं दार दिसलं ते खराटा घेऊनच. वर्गाबाहेरचा व्हरांडा मी मुद्दाम हळू झाडायचे. आत बाई शिकवायच्या ते कानावर पडावं म्हणून.

सिस्टर म्हणजे शाळेची मुख्याध्यापिका; तिच्याबद्दल खोटं लिहिणार नाही. मी कामाला लागले त्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, बसा." आणि खुर्ची पुढं केली. मला तोवर कोणी खुर्ची दिली नव्हती. कशी बसायची तेच कळेना, काठावर टेकले. अश्विनीला तिनंच शाळेत घेतलं. माझी लेक आज घडाघडा वाचते, ते तिच्यामुळं. म्हणूनच जास्त लागलं. परक्यानं केलं असतं तर मी पदर झटकून मोकळी झाले असते.

शनिवारी चॅपेल झाडायचं काम माझं. आमच्या घरात महादेव. पण चॅपेलात मरियामायची मूर्ती आहे, कडेवर लेकरू घेतलेली. तिच्यापुढं मी शाळेच्या कुंपणाची जास्वंद ठेवायचे. सिस्टर कधी नको म्हणाली नाही. महिन्यातून एकदा परभणीहून फादर यायचे. तेव्हा ख्रिस्ती माणसं एकेक करून पडद्याच्या लाकडी खोलीपाशी गुडघे टेकायची, आत बसलेल्या फादरशी हळू बोलायची. मी एकदा विचारलं, "शिस्टर, हे काय करायलेत?"

ती म्हणाली, "हे कन्फेशन, मावशी. मनातलं सांगतात. फादर ते मरेपर्यंत कोणाला सांगत नाहीत. राजानं विचारलं तरी नाही. त्यावर देवाची मोहोर असते, शिक्का."

मला वाटलं, किती चांगला धर्म. आमच्या गल्लीत नळावर बोललेलं घागर भरायच्या आत गिरणीत पोचतं.

मग शाळेत शुक्रवारचा एक तास सुरू झाला. लेकरांच्या मनाचं आरोग्य म्हणून. सिस्टर परभणीला त्याचं शिकून आली होती. लेकरांनी गोल बसायचं, कशाची भीती वाटते ते सांगायचं. अश्विनी काहीच बोलायची नाही. म्हणून एका शनिवारी मी चॅपेल झाडताना सिस्टर आली. बाकावर बसली. मी खाली, फरशीवर.

"मावशी, अश्विनी गप्प असते. घरी काही आहे का?"

वेदीजवळचा लाल दिवा जळत होता. मरियामाय बघत होती. मी सगळं सांगितलं. नवऱ्याचं, त्या बाईचं, लेकीच्या ओल्या गोधडीचं. ज्या गोष्टी मी आईजवळ पण नीट बोलले नव्हते त्या. पदरात तोंड घालून रडले. सिस्टरनं माझा हात धरला. मी विचारलं, "शिस्टर, हे हितंच राहील ना?"

ती म्हणाली, "सगळं येशूच्या पायाशी ठेवा, मावशी."

मी त्याला हो समजले. चॅपेलात सांगितलं म्हणजे मोहोर लागली, असं मी धरलं.

मोहोर लागली नाही. माईक लागला. दुपारपर्यंत पालकांच्या ग्रुपवर त्या प्रार्थनेचा व्हिडिओ पण आला. खाली हात जोडल्याची चित्रं.

स्वयंपाकखोलीतली शेवंताबाई भांडी आपटत म्हणाली, "शिस्टरनं तर दवंडीच दिली गं बया. तुझ्या नवऱ्याला पूर्णेत ऐकू गेलं असंल." मग तिनं माझ्याकडं बघितलं. चहा पुढं सरकवला. "घे. रडू नको. रडलीस तर उद्या तुझ्यासाठी बी हात वर करतेल."

घरी गेल्यावर अश्विनीनं दप्तर काढलं नाही. पाठीवर तसंच ठेवून उंबऱ्यात बसली.

"मम्मी, शिस्टरला तू सांगितलीस?"

"हाव."

"मला कामून न्हाई सांगितलीस?"

मी काय सांगणार? लहान हाय मनून? जी गोष्ट मी सांगायची होती ती तिला पटांगणात कळली, सगळ्या शाळेचे हात तिच्यावर रोखलेले असताना. त्या संध्याकाळी तिनं आपली गोधडी उचलून पत्र्याच्या पेटीवर ठेवली आणि खाली पोतं अंथरलं. म्हणाली, "गोधडी खराब हुईल." माझ्याजवळ झोपायची ती भिंतीकडं गेली.

दुसऱ्या दिवसापासून लेकरांनी तिला नाव ठेवलं. पूर्णा पॅसेंजर. "ए, बाजू द्या, पूर्णा पॅसेंजर आली." "पॅसेंजर गळायली रे." डबा खायला तिच्याशेजारी कोणी बसेना. शुक्रवारच्या तासाला ती बोलायची नाही, आता वर्गात पण बोलेना. बाईंनी पाढा विचारला तर पायाकडं बघत राहायची. तिला पाढे येत होते. मला माहीत आहे, येत होते.

मी माणसांपुढं बोलणारी बाई नाही. दुकानात पण मी बोटानं दाखवते. तरी मी सिस्टरच्या ऑफिसात गेले. त्या दिवशी खुर्चीवर बसले नाही.

"शिस्टर, ते मी चॅपेलात सांगितलेलं होतं."

तिला कळलं मी काय म्हणते ते. ती जरा हसली. लहान लेकराचं काही चुकलं की हसतात तसं.

"ते कन्फेशन नव्हतं, मावशी. मी फादर नाही. आणि तुम्ही तर ख्रिस्तीसुद्धा नाही. तो नियम तुम्हाला लागू होत नाही. आणि मी वाईट केलं का काही? सगळी शाळा तुमच्या मुलीसाठी देवाजवळ मागते आहे. केवढी मोठी गोष्ट आहे."

माझी जास्वंद चालत होती. माझा खराटा चालत होता. माझं दुःख प्रार्थनेला चालत होतं. मोहोर तेवढी माझ्यासाठी नव्हती.

तेव्हा मला एक लेकरू आठवलं. दुसरीतलं, मोठ्या घरचं. त्याच्या घरात काय चाललंय ते सगळ्या बाजारपेठेला ठाऊक आहे. ते लेकरू वर्गात चड्डी ओली करतं. मीच त्याला मागच्या न्हाणीत नेते, धुते, कोरडी चड्डी घालते. पहिल्या खेपेला सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मावशी, बाहेर बोलायचं नाही हं. मोठं घर आहे, त्यांची इज्जत आहे." मी बोलले नाही. त्याचं नाव मी इथंही लिहिणार नाही.

मी म्हणाले, "शिस्टर, त्या लेकराची चड्डी मी धुती. त्याची प्रार्थना कवा?"

सिस्टरचं हसू गेलं. "मावशी, कामाला लागा."

मग मी परिपाठ नीट ऐकायला लागले. डॉक्टरच्या पोराला स्कॉलरशिपमध्ये यश मिळो. वकिलाच्या पोरीचा नाच चांगला होवो. आणि ज्याचे आईबाप ऊसतोडीला गेले, त्याला उवा झाल्यात, त्याच्यासाठी प्रार्थना करू या. ज्याचा बाप दारू पितो त्याच्यासाठी करू या. पुढं ये बाळ. मोठ्या घरच्या लेकरांसाठी देवाजवळ यश मागतात. आमच्या लेकरांसाठी मागताना आधी त्यांना उघडं करतात. मी इतके दिवस मागं उभी राहून हे ऐकत होते आणि मला ते चांगलं वाटत होतं.

ज्या संताचं नाव शाळेला आहे, त्याचा सण आला. मांडव घातला. परभणीहून फादर आणि पाहुणे येणार होते. सिस्टरनं अश्विनीला ऑफिसात बोलावून चार वाक्यं पाठ करून घेतली. माईकवर म्हणायला. "मी अश्विनी. मला एक त्रास होता. तुमच्या प्रार्थनेनं प्रभू येशूनं मला बरं केलं. मी शाळेची आभारी आहे." मला कोणी विचारलं नाही. घरी भांडी पुसताना ती पुटपुटायला लागली तेव्हा मला कळलं.

ती बरी झाली नव्हती. पोतं रोज ओलं होत होतं.

"मम्मी, खोटं बोललं की येशू रागावतो का?"

"कोण मनलं?"

"शिस्टरच मनल्या. मूल्यशिक्षणाच्या तासाला."

सणाच्या दिवशी मी पाण्याचे ग्लास फिरवत होते. पाहुणे पुढच्या सोफ्यावर, त्यांच्यामागं खुर्च्यांवर मोठ्या घरचे पालक, आमच्यासारखे कनातीला टेकून. सिस्टरनं नाव पुकारलं. अश्विनी उठली. दोन पावलं गेली आणि मागं वळून मला शोधायला लागली. त्या दिवशी शोधत होती तशीच.

मी ताट खाली ठेवलं.

खुर्च्यांच्या मधून मी कधी चालले नव्हते. कोणाच्या तरी साडीवर पाय पडला, ती म्हणाली, "ए बाई, बघून." मी पुढं गेले. लेकीचा हात धरला.

"अश्विनी बोलणार न्हाई."

सिस्टरनं माईकवर हात ठेवला. "मावशी, खाली बसा. लोक बघतायत."

"बघू द्या. ती बरी झाली न्हाई. तिला खोटं पाठ करायला लावू नका. तिचं जे हाय ते तिचं हाय. ते माईकवर यायचं न्हाई."

 आणि मला दिसलं, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत ते दुसरीतलं लेकरू बसलं होतं, आईच्या मांडीला चिकटून. ते माझ्याकडंच बघत होतं. त्यानं दोन्ही हात चड्डीवर दाबून धरले होते. त्याला कळलं होतं की मला माहीत आहे, आणि आता मी बोलायला लागले आहे.

त्याचं नाव माझ्या तोंडात आलं होतं. एक नाव घेतलं असतं तर सिस्टरचं सगळं उघडं पडलं असतं. ते मोठं घर पण. मी तोंड मिटलं. इज्जत त्या घराची नव्हती, त्या लेकराची होती. ती मी राखणार. माझ्या लेकीची कोणी राखली नाही, म्हणून तर राखणार.

मी अश्विनीला घेऊन बाहेर आले. मागं कोणी तरी म्हणालं, "कामवाली आहे वाटतं." फादर खाली बघत होते. सिस्टर फाटकापर्यंत आली.

"मावशी, तुम्ही मला सगळ्यांपुढं खाली बघायला लावलं. उद्यापासून कामाला येऊ नका. अश्विनीचंही बघावं लागेल."

"माझं काम तुमी काढा. लेकीचं नाव शाळेतून काढायला मी सही देणार न्हाई. ती हितंच शिकंल."

घरी जाताना, भर रस्त्यात, मी अश्विनीला सगळं सांगितलं. पप्पा कधी गेले, कोणाजवळ गेले, मी का लपवलं. काही गाळलं नाही. तिनं ऐकलं. मग विचारलं, "आता अजून काही राहिलंय?"

"न्हाई."

तिनं माझा हात सोडला आणि पुढं चालायला लागली. मी तिला थांबवलं नाही. तिचा राग तिच्या हक्काचा आहे.

आता मी दुसरीकडं दोन घरची धुणीभांडी करते. पण परिपाठाच्या वेळेला शाळेच्या फाटकाशी उभी असते. फाटक शाळेचं आहे, रस्ता नाही. वॉचमन म्हणतो, "मावशी, जावा की आता." मी जात नाही. सिस्टर माईक घेते, मला बघते, आणि सगळ्या लेकरांसाठी मिळून प्रार्थना करते. कोणाचं नाव घेत नाही.

ज्या दिवशी घेईल, ज्या दिवशी आमच्यातल्या एखाद्या लेकराला पुढं बोलावून त्याच्या घरातलं बोलायला लागेल, त्या दिवशी मी फाटक ढकलून आत जाणार. लेकरू माझं असो नसो. माणसांच्या मधून कसं चालत जायचं ते मला आता आलं आहे.

आणि आमेन म्हणणार नाही.