फाडायचं नसलेलं तिकीट

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. आम्ही जमवतो ती जुन्या आगबोटींची तिकिटं, टाइमटेबलं, जाहिराती. किस्से त्यांच्याबरोबर फुकट येतात! मंडळ तिघांचं: निवृत्त शिक्षक जोशी सर, काष्टीचे शेतकरी बापू आणि मी. बैठक दर रविवारी, नगरला सरांच्या घरी. यंदापर्यंत तिघांपैकी बोटीत कोणीच बसलेलं नव्हतं.

*

बापूंनी काष्टीच्या बाजारात रद्दीवाल्याकडून एक टाइमटेबल मिळवलं आणि मिरवत घरी नेलं.

वहिनी म्हणाल्या, "हिरीला पानी न्हाई, अन् ह्यान्ला आगबोटी!"

*

कोकण किनाऱ्यावर एके काळी आगबोट कंपन्यांची चढाओढ चालायची. एकीनं भाडं उतरवलं की दुसरी उतरवायची. सर देशी कंपनीचे कट्टर, बापू गोऱ्यांच्या बाजूनं भांडणार. सरांनी एकदा चिडून कारण विचारलं.

"त्यांचा कागद लई जाड हाय, सर. वाळवी लागत न्हाई!"

*

फाटक्या तिकिटाला आमच्यात मान नाही. बोटीवर चढताना तिकीट फाडायचे, म्हणून अख्खं तिकीट दुर्मीळ. मला एक मिळालं. सूनबाईंनी कौतुकानं लॅमिनेट करून आणलं! सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

सरांकडचं अख्खं तिकीट त्यांच्या आजोबांचं, मुंबई ते रत्नागिरी. आजोबा धक्क्यावर रांगेत उभे असताना त्यांचा मुंबईतला भाऊ तार घेऊन आला. आई गेली होती. आजोबा तसेच नगरला परतले. बोटीत बसायचं राहिलं, असं ते शेवटपर्यंत म्हणत.

त्या तिकिटाला सर कोणाला हात लावू देत नसत. बापूंना शिंक आली, तर त्यांना अंगणात पाठवलं!

*

यंदा सरांची बायपास ठरली. "आधी एकदा बोटीत बसतो, मग काय ते कापा," ते डॉक्टरांना म्हणाले. म्हणून आम्ही तिघं मुंबईच्या धक्क्यावर गेलो.

लाँचच्या फळीपाशी एकजण तिकिटं फाडत होता. सरांनी आपलं तिकीट दिलं. मग पाकिटातून आजोबांचं काढलं.

"सर, ते नगं!" बापू ओरडले.

"दोघं आहोत," सर त्या माणसाला म्हणाले. "दोन्ही फाडा."

त्यानं पिवळा कागद उलटसुलट करून पाहिला. सरांकडं पाहिलं. दोन्ही फाडली.

"पुढं दोन जागा आहेत," तो म्हणाला.

सर पुढं जाऊन बसले. बापू आणि मी मागं बसलो.