खिळे न मारता बांधलेलं देऊळ

आमच्या घोडपदेवच्या खोलीत गणपती यायचा तो बाबांच्या पाटावर. पाट फणसाचा, मालवणहून आणलेला. आषाढ लागला की तो लालबागच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्तिकार त्यावरच मूर्ती घडवतात आणि चतुर्थीला ती पाटासकट घरी येते. आई-बाबा गेल्यावरही हे सगळं मीच करत आले. लग्न केलं नाही, खोली सोडली नाही. दादा माहीमला राहतो. तो, वहिनी आणि मुलं सणाला माझ्याकडे यायची, मोदक हाणायची, आरतीला बेसूर ओरडायची. मला ते फार आवडायचं.

मी शाळेत चित्रकलेची बाई होते. निवृत्त झाल्यावर मैत्रिणींबरोबर नेपाळला गेले. बाकीच्या खरेदीला जायच्या, आणि मी पाटण, भक्तपूरच्या चौकांत मान दुखेपर्यंत वर बघत बसायचे. त्या देवळांना आपण पॅगोडा म्हणून मोकळे होतो. पण नीट बघितलं तर खाली विटांची चौकोनी भिंत, तिच्यावर एकावर एक लहान होत गेलेली छपरं, आणि प्रत्येक छप्पर भिंतीच्या कितीतरी बाहेर आलेलं. ते पेलून धरतात भिंतीतून तिरके बाहेर झुकलेले लाकडी टेकू. त्यांना तिकडे टुंडाल म्हणतात. एकेका टुंडालावर एकेक देव कोरलेला असतो. पाटणला दगडी शिखराचं कृष्णमंदिरही आहे, आपल्या डोळ्यांना जवळचं वाटेल असं. लोक त्याचे आणि छपरांचे फोटो काढत होते. माझ्या वहीत मात्र टुंडालच टुंडाल भरले होते.

परत आले ती यंदाचं मखर असंच करायचं ठरवूनच. तीन छपरांचं. दादाने आधी चेष्टा केली, एवढ्या छपरांखाली बाप्पा गुदमरेल म्हणाला. मग मी त्याला नेपाळच्या जुन्या मल्ल राजांची गोष्ट सांगितली. एका राजाचं राज्य मुलांत वाटलं गेलं, खोऱ्यातल्या तीन शहरांची तीन राज्यं झाली, आणि पुढे पिढ्यानपिढ्या हे भाऊबंद एकमेकांवर कुरघोडी करायला आपापल्या चौकांत देवळं बांधत राहिले. दादा हसला. आपल्यात असलं काही नाही, म्हणाला. मग त्याने विचारलं, ते लोक खरंच खिळे न मारता बांधतात का. मी म्हटलं, जुनं लाकूडकाम बहुतेक खाचा आणि खुंट्यांचंच असतं.

"मग तूपण तसंच कर ना," तो म्हणाला. "खिळे नको, फेविकॉल नको. सगळं एकात एक बसलं पाहिजे."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. जन्मात पहिल्यांदा दादाने माझ्या कामात रस घेतला होता. गुढीपाडव्यापासून मी कामाला लागले. प्लायवूडच्या भिंती, त्यांवर गेरूने विटा, कामट्यांची छपरं, आणि टुंडाल सागाच्या पट्ट्यांचे. खुंटी सैल बसली की पुन्हा तासायची. बोटांना चिरा पडल्या, चाळीतल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, बाई म्हातारपणी सुतार झाल्या. मध्येच दादा येऊन पाट घेऊन गेला. एक पाय डगडगतो, दुरुस्त करून आणतो, म्हणाला. मला तर तो डगडगताना कधी दिसला नव्हता, पण दादा म्हणतोय म्हणजे असेल.

आषाढ संपत आला तरी पाट येईना. विचारलं की सुतार गावी गेलाय. शेवटी मी तशीच कारखान्यात गेले, निदान मूर्तीची उंची तरी सांगून ठेवावी म्हणून. मूर्तिकार आमच्या बाबांच्या वेळचे. मातीचे हात पुसत म्हणाले, "ताई, तुमचा पाट कधीच आलाय. दादा देऊन गेले. यंदापासून माहीमला ना? मूर्तीपण मोठी सांगितलीय."

फळीवर बाबांचा पाट होता आणि त्यावर गणपती पोटापर्यंत तयार झाला होता. मी "हो, हो" म्हणाले. मला यातलं काही माहीत नाही हे त्यांना कळू द्यायची लाज वाटली.

तशीच माहीमला गेले. दादा सोफ्यावर पेपर वाचत होता. मी विचारलं तर जराही गडबडला नाही. समजूत घालायची असली की तो मालवणीत शिरतो.

"अगो बाय, घरचो गणपती झिलाकडेच जातलो. त्येच्यात इचारूचा काय?"

गणपती मुलाकडेच जायचा. म्हणजे इतकी वर्षं मी तो नुसता सांभाळून ठेवला होता. वर देवळाचीही काळजी करू नकोस, म्हणाला. टेम्पो पाठवतो, सगळं सुटं करून इथे आणून जोडू, म्हणून तर तुला खिळे नको म्हटलं होतं.

वैऱ्याने केलं असतं तर मी कडाकडा भांडले असते. इथे सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता आणि वहिनी आतून विचारत होती, चहात आलं घालू का. मी उठले. म्हटलं, देऊळ खोलीतून हलणार नाही. बाप्पा तिथे आला तर त्याचं, नाहीतर रिकामं राहील. वाटलं होतं, दादा निदान चिडेल. तो म्हणाला, "बरं. मग आम्ही फुलांचं करू." आणि पेपर उलटला.

हरतालिकेच्या आधी फोनवर एक आमंत्रण आलं. वर गणपतीचं चित्र, खाली माहीमचा पत्ता, आमंत्रण देणारे म्हणून दादा, वहिनी आणि मुलं. सगळ्या नातेवाइकांना एकदम धाडलं असणार, त्यात मलाही. शेवटी लिहिलं होतं, आपण सहकुटुंब दर्शनास यावे.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझं जे काही कुटुंब होतं, ते आमंत्रण देणाऱ्यांत होतं.