स्वतःचीच केस

दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत तिला नावाने कुणी ओळखत नसे. ती 'अजूनदोन'. गुडघा वाकवणारा पेशंट "बास, झाले दहा" म्हणाला, की ती म्हणे, "अजून दोन." आधी शिव्या मिळत, मग हसू, आणि महिन्याभराने तोच माणूस न लंगडता जिना उतरताना मागे वळून तिच्याकडे बघे.

अकरा वर्षं ती तिथे मदतनीस होती. घोट्याला वाळूची वजनं बांधायची, शेकायच्या पिशव्या भरायच्या, मोठ्या मॅडम सांगतील तशी केसपेपरवर नोंद करायची. कुठला खांदा किती उचलेल हे पुष्कळदा तिच्या हातांना आधी कळे. पण ठरवायच्या मॅडम, सहीही त्यांचीच.

एका दुपारी मॅडमनी तिच्यापुढे एक माहितीपत्रक सरकवलं. फिजिओथेरपीच्या पदवीला अनुभवी मदतनिसांसाठी थोड्या राखीव जागा होत्या. वयाची अट पस्तीस.

"तुझं वय किती गं?"

"चौतीस आणि दहा महिने."

"मग यंदा नाही तर कधीच नाही," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

नवरा शिंपी. त्याला सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तो जपून हसला. "वर्गातली पोरं तुला मावशी म्हणतील."

"म्हणू देत. मावशीकडे कुणी कॉपी तरी मागणार नाही."

कॉलेजं दोन होती आणि दोन्हींच्या मुलाखती एकाच सोमवारी सकाळी दहाला. म्हणजे अर्ज एकीकडेच करायचा. भाची कॉम्प्युटरवरचे फोटो बघून मोठ्या कॉलेजच्या प्रेमातच पडली. "आत्या, नुसता जिना बघ त्यांचा!"

"माणूस जिना कसा चढतो ते मी बघते. जिन्याचं काय करू?"

सुट्टीच्या दिवशी ती दोन्ही कॉलेजं स्वतः बघून आली. मोठ्या कॉलेजच्या सरावाच्या दालनात वीस खाटा होत्या, कोपऱ्यांवरचं प्लॅस्टिकही अजून न काढलेलं. कारकून कौतुकाने म्हणाला, "पहिली दोन वर्षं मुलांना आम्ही इथे फिरकूच देत नाही." दुसऱ्या कॉलेजला शहराच्या टोकाला जावं लागलं. तिथल्या खाटांचं रेक्झिन कडेला झिजून पांढरं पडलं होतं, बरोबर जिथे उपचार करणारा मांडी टेकून उभा राहतो तिथे. भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आणि त्यांच्याशेजारी तारखा. आखडलेल्या खांद्याचा पेशंट बोटं भिंतीवरून वर सरकवत नेतो आणि जिथे थांबतो तिथे रेघ मारतात. तिने एका पेशंटच्या रेघा वाचल्या. तीन आठवड्यांत चार बोटं वर. वाचताना तिला त्या अनोळखी माणसासाठी आनंद झाला. परत येताना बसमध्ये बसायच्या आत तिचं ठरलं होतं.

अर्ज भरायला भाची होतीच. अडलं ते एका प्रश्नावर : 'आपल्याला हा अभ्यासक्रम का करायचा आहे?' तीन दिवस कागद कोरा राहिला. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने पेन हातात घेतलं, आणि हात सवयीच्या वाटेने निघाला.

'पेशंट : स्त्री, चौतीस. तक्रार : अकरा वर्षं दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करते, स्वतः ठरवत नाही. तपासणी : हात पक्के, पाठ ताठ. पुस्तकी वाचन सुटून सोळा वर्षं, त्यामुळे आखडलेपणा. स्नायू हाताला ठाऊक, तोंडाला नाहीत. ध्येय : चार वर्षांत आधाराशिवाय उभं राहणं. उपाय : रोज दोन तास, खाडा न करता. अंदाज : चांगला.'

हे लिहिल्यावर मन मोकळं झालं. मग तिने कागद उलटून मागच्या बाजूला नीटस, शहाणासुरता निबंध लिहिला. दवाखान्यात कागदाची दुसरी बाजू कुणी वाया घालवत नाही. भाचीने फोटो काढला तो मात्र पुढच्या बाजूचा, आणि तो अर्जाबरोबर पाठवूनही दिला.

"आत्या, घात झाला!"

"मग दुसरा पाठव."

"मुदत संपली गं."

नवऱ्याने मशीन थांबवलं. "कापड कापलं गेलं. आता आहे त्यातच शिवायचं."

सोमवारी टेबलापलीकडे तिघं बसले होते. चष्मेवाल्या सरांनी तिच्या कागदाच्या फोटोची छापील प्रत हवेत धरली. "हा अर्ज आहे की केसपेपर?"

मग पेशंटसमोर बसावं तशी ती सावरून बसली. "चूक झाली, सर. निबंध मागच्या बाजूला होता. पण यात खोटं काही नाही."

मधल्या वयस्कर बाईंनी कागद घेतला. "सोळा वर्षांचा आखडलेपणा, आणि अंदाज चांगला? कशावरून?"

"आखडलेलं म्हणजे मोडलेलं नाही ना, बाई. आणि पेशंट महिनाभर रोज दोन तास वाचते, एकही खाडा केलेला नाही."

"असं?" सर पुढे झुकले. "खांदा धरून ठेवणारे चार स्नायू सांगा बघू."

तिने तीन सांगितले. चौथ्याचं नाव जिभेवर येईना. "नाव आठवत नाही, जागा दाखवू का?" सरांनी मानेनेच 'हो' म्हटलं. तिने त्यांच्या खांद्याच्या वरच्या कडेला नेमका अंगठा टेकवला.

"आई गं!"

"जुनं दिसतंय दुखणं," ती म्हणाली. बाई खळखळून हसल्या.

हसणं ओसरल्यावर बाईंनी पेन कागदावर टेकवलं. "एक रकाना राहिलाय. घरी मदत कोण करणार? याच्यावाचून आपण कुणा पेशंटला घरी सोडत नाही."

शेकडो पेशंटांच्या नातेवाइकांना तिने हेच विचारलं होतं. "घरी मी विचारलंच नाही, बाई. नुसतं सांगितलं."

"बरोबर कुणी आलंय?"

नवरा बाहेरच्या बाकावर होता, गळ्यात टेप तशीच विसरलेली. आत येऊन तो खुर्चीच्या कडेवर टेकला. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. तो थोडा वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"स्वयंपाक मला जेमतेम येतो," तो म्हणाला. "पण हिला चार वर्षं लागणार म्हणता ना? तेवढ्यात मीही शिकेन."

बाईंनी लिहिलं : 'घरी मदत : आहे. शिकाऊ.' मग त्यांनी शेजारच्या दोघांकडे पाहिलं. सर अजून खांदा चोळत होते. त्यांनीच आधी मान डोलावली.

"एक तारखेला सकाळी साडेआठला या," बाई म्हणाल्या. "केस बांधलेले हवेत. अंगठी, बांगडी काही नको. नखं कापलेली."

तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, बाईंना नीट दिसतील असे.