सुलभावहिनींचं नवं दार

तळमजल्यावर भरदिवसा चोरी झाली आणि त्याच आठवड्यात आमच्या समोरच्या सुलभावहिनींनी लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं. त्या एकट्याच राहतात. परवा दुपारी त्यांची हाक आली. नव्या दाराचं कुलूप अडकलं होतं आणि त्या आत कोंडल्या गेल्या होत्या.

कुलूपवाल्याला यायला तासभर लागणार होता. मी जिन्यातच बसकण मारली. जाळीपलीकडे वहिनी खुर्ची ओढून बसल्या, घामाने डबडबलेल्या.

"पहिला तर मजला, गॅलरीला शिडी लावता आली असती," त्या म्हणाल्या, "पण तिथेही मीच ग्रिल ठोकून घेतलंय."

आम्ही दोघी हसलो. मग बोलत राहिलो. पंधरा वर्षं समोरासमोर राहूनही त्यांची मुलगी गेल्या वर्षीच परदेशी गेल्याचं मला तेव्हा कळलं.

"तू बसलीस म्हणून धीर आला गं," त्या म्हणाल्या. "एरवी दार धड असतं तेव्हाही आत धडधडतंच."

मला वाटलं, आपण कड्याकुलपं वाढवत जातो आणि भीतीलाही आपल्यासोबतच आत घेऊन बसतो. धीर येतो तो हाकेला कुणी ओ दिली की.

शेवटी दार उघडलं. वहिनींनी बाहेर येऊन माझा हात घट्ट धरला. "येत जा अशीच," म्हणाल्या.

मी घराकडे वळले. पाठीमागे दुरुस्त झालेलं कुलूप दोनदा फिरलं. घरात शिरताच, नकळत, मीही आतून कडी लावली.