भाचीच्या अल्बमवर माझा अभिप्राय

आमच्या घराण्यात लिहिणारा मी एकटाच. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, दहाव्याला वाचायचे चार शब्द, सगळा मजकूर माझा. त्यामुळे भाचीनं जाझचा अल्बम काढला तेव्हा त्यावर मी लिहिणार, हे कुणी न सांगताच ठरलं. मला जाझमधलं काय कळतं, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. मला तर मुळीच नाही.

भाची पुण्यात पियानो शिकवते, स्वतः रचना करते. अल्बममध्ये ती आणि दोन साथीदार, एक माणसाएवढं उभं, जाड तारांचं बास वाजवणारा, दुसरा ड्रम्सवाला. गाणारं कुणी नाही. इंग्रजीत दोन परीक्षणं येऊन गेली होती. वादन नेटकं आहे, पण तिघं कशाची तरी वाट बघत बसल्यासारखे सावकाश वाजवतात, असं एकानं लिहिलं होतं. दुसऱ्यानं तेच जड शब्दांत. तेव्हापासून साथीदार तिच्या मागे लागले होते, पुढच्या कार्यक्रमात सगळं वेगात घेऊ म्हणून. आणि तिनं तर ते थांबणंच रचलं होतं.

"मामा, त्या दोन परीक्षणांचं सोडा," ती फोनवर म्हणाली. "तुम्हाला काय ऐकू येतं ते लिहा. मग मी ठरवते."

मी वही घेऊन अल्बम दोनदा ऐकला. शिरूरच्या साप्ताहिकात अर्धं पान लिहिलं. 'विजेच्या चपळाईनं धावणारी बोटं', 'श्रोत्याला श्वासाचीही उसंत न देणारा झंझावात', असं बरंच. संपादकांनी सोबत फोटोही छापला. माझा.

अंक तिला पाठवला आणि तासाभरात फोन.

"मामा, तुम्ही ऐकलंच नाही ना?"

"दोनदा ऐकलंय!"

"मग टोमणा मारलात. ते सावकाश म्हणाले म्हणून तुम्ही झंझावात."

"अगं, टोमणा कशाला मारीन मी?"

"राहू द्या. वेगातच घेते आता. कुणाला काही ऐकूच येत नसेल, तर थांबून तरी काय करू?"

फोन बंद. ती मला एवढंसंसुद्धा कधी उलटून बोलल्याचं आठवत नाही. मी दुसऱ्याच दिवशी न्हावरा, केडगाव, चौफुला करत यवत गाठलं, तिच्या वडिलांकडे तक्रार घेऊन.

दाजी यवतला पाण्याच्या मोटारी भरतात, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळतात. मोटारीचं दुखणं ते कानानं काढतात. चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. मी माझं अर्धं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी ते मोटारीइतकं लक्ष देऊन काही ऐकलं नाही.

"ते ऱ्हाऊ द्या. वाजवा की तिचं."

"तुम्ही अजून ऐकलं नाही?"

"तुमाला धाडलं तिनं. मला काय कळतंय त्यातलं, आसं वाटलं आसंल."

मी फोन टेबलावर ठेवून सुरू केलं. दाजींनी डोळे मिटले आणि पाच मिनिटांत उघडले.

"ही आमची न्हाई."

"अहो दाजी, नाव आहे वर."

"नाव आसंल. ती वर माडीवर वाजवायची तवा मी खाली तारंचे फेरे मोजायचो. ती मधीच थांबायची, आन् मी बी थांबायचो. किती डाव मोजणी चुकली माझी! ही कुठं थांबतीया? फोन आना हिकडं."

त्यांनी चष्मा वर करून पडदा पाहिला. कोपऱ्यात दीड लिहिलेलं होतं. मी व्याख्यानं दीडपट वेगानं ऐकतो, वेळ वाचतो म्हणून. फोननं तोच वेग भाचीच्या अल्बमलाही लावला होता.

"पाव्हणं, कीर्तन बी आसंच ऐकता व्हय?"

"हो."

"देव बी दमत आसंल."

मग योग्य वेगानं पहिल्यापासून लावलं. दाजींनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, म्हणजे गिऱ्हाइकाला कळावं. आता ती सूर सोडून द्यायची, बासवाला तो उचलायचा नाही, आणि त्या रिकाम्या जागेत मला माझीच खुर्ची कुरकुरताना ऐकू यायची. काही ठिकाणी फार छान वाटलं. चौथ्या रचनेत मी चक्क पेंगलो, सहाव्यात घड्याळ पाहिलं. अर्धं पान मात्र छापून झालं होतं.

तिला तिथूनच फोन लावला आणि सगळं कबूल केलं. ती हसली, पण कोरडंच.

"आता खरं सांगा. कसं वाटलं?"

"आवडलं. दोन ठिकाणी कंटाळा आला."

"कुठल्या दोन?"

आवाज एकदम बदलला. मी सांगितलं. ती लिहून घेत असावी. तेवढ्यात दाजींनी हात पुढे केला. मी फोन स्पीकरवर टाकून दिला.

"पोरी, मागं जाड तारा वाजवणारा त्यो चांगला हाय. कवा गप बसायचं कळतंय त्याला. पर तिसऱ्यात शेवटाला तू घाई केली."



"पप्पा, तिथं मी घाबरले होते. एवढं कुणी थांबून ऐकेल का, असं वाटलं."

"व्हय. ते कळलं ऐकताना."

"अजून कुठं?"

दाजी खुर्ची ओढून बसले. "पाचव्यात," म्हणाले, "थांब, परत लावून सांगतो. पाव्हणं, तुमचा फोन ऱ्हाऊ द्या जरा हितंच."

मी शटरखालून वाकून चहा सांगायला गेलो.