शिडी धरणाऱ्याचा नियम

माझ्या नवऱ्याकडे आता एकच शब्द उरला आहे. 'थांब'. पाणी हवं असलं तरी थांब, गोळी नको असली तरी थांब, आणि खिडकीतून आमच्या आमली भागातल्या रस्त्यावरची वरात दिसली तरी हसत हसत थांब. डोक्याला मार लागला तेव्हा बाकीचे शब्द गेले. वापीला एक बाई बोलायला शिकवतात, त्यांच्याकडे मी ह्यांना घेऊन जाते. त्या म्हणाल्या, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. वर्षाला आता दोन महिने उरले आहेत. हे बोलतील की नाही, हा एकच प्रश्न घेऊन मी सकाळी उठते. आणि खरं सांगायचं तर बोलले तर काय बोलतील, याचीही मला भीती वाटते.

मी इथल्या सरकारी शाळेत शिकवते. नोकरी लागली म्हणून रत्नागिरीकडून सिल्वासाला आले, ह्यांना मसाटच्या एका कारखान्यात फिटरचं काम मिळालं आणि चोवीस वर्षं इथेच गेली. मूलबाळ नाही. भांडायला घरात आम्ही दोघंच, त्यामुळे भांडणं भरपूर.

दर जानेवारीत शाळेत रस्ता सुरक्षा सप्ताह असतो आणि तो हटकून माझ्याच गळ्यात पडतो. पोरांना फलक देऊन चौकात उभं करायचं, शपथ घ्यायला लावायची, फोटो काढून वर पाठवायचे. मला त्याचा मनस्वी संताप यायचा. आधी रस्त्यातले खड्डे बुजवा, मग आमची डोकी झाका! मी स्वतः हेल्मेट कधीच घातलं नाही. केस घामेजतात हे सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे, कुणीतरी हुकूम सोडतंय म्हणून एखादी गोष्ट करायची हे माझ्या स्वभावातच नाही. हे चिडवायचे, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मुख्याध्यापकांना कळवू का?"

गेल्या वर्षी गणपती झाले आणि माझ्या फोनवर चलान आलं. सोबत चौकातल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो. स्कूटरवर पुढे हे, हेल्मेट घालून, पट्टा हनुवटीखाली घट्ट. मागे मी, बोडक्या डोक्याने, मांडीवर भाजीची पिशवी. मी तो फोटो घेऊन स्टाफरूममध्ये गेले आणि भाषणच ठोकलं. "मोरीत काय कमी माणसं घसरतात? मग प्रत्येक मोरीत एक शिपाई बसवा! स्टुलावर चढायला लायसन काढा! विळीवर बोट कापलं की चलान पाठवा! हे सरकार आहे की सासू?" सगळे पोट धरून हसले. एक गुजराती बेन तर म्हणाल्या की हे पेपरात छापायला हवं. मीही फुशारून गेले.

घरी येऊन ह्यांना तेच ऐकवलं. हे हसले नाहीत. ह्यांच्या कारखान्यात उंचावरच्या कामाला परवानगीची चिठ्ठी लागते, पट्टा लागतो, आणि शिडी धरायला खाली एक माणूस लागतो. वरचा माणूस जमिनीवर पाय टेकेपर्यंत खालच्याने हात सोडायचा नाही. कुणी हाक मारो, साहेब येवो, हात सोडायचा नाही. हे सांगताना ह्यांचा आवाज बदलायचा, देवाचं काही सांगत असल्यासारखा. मी म्हटलं, "बरं आहे बाई, नुसती शिडी धरायला पगार मिळतो."

घटस्थापनेच्या आधीचा रविवार होता. नवरात्रापूर्वी माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढायची, चिंच लावून लख्ख घासायची, हे आमच्याकडे आईपासून चालत आलेलं. वर्षभर त्या भांड्यांना कुणी हात लावत नाही, पण त्या दिवशी ती निघाली नाहीत तर मला चैन पडत नाही. संध्याकाळी मी दूध तापत ठेवलं आणि ह्यांच्या मागे लागले. हे म्हणाले, "खालून वॉचमनकडची शिडी आणतो." मी म्हटलं, "एवढ्याशा कामाला शिडी कशाला? हा काय तुमचा कारखाना आहे?" मग हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढले. चढताना एकच म्हणाले, "धर गं नीट."

मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. दोन पातेली खाली आली. ती मी एका हाताने घेतली, दुसरा हात स्टुलाला होताच. मग समई आली. मग हे टाचा उंचावून माळ्याच्या कोपऱ्यातल्या घंगाळाकडे वाकले, आणि माझ्या कानांनी दुधाचा आवाज टिपला. उतू जायच्या आधी दूध जो आवाज करतं, तो मला झोपेतही कळतो. दूध उतू जाऊ द्यायचं नाही, हेही आईपासूनच. मी हात सोडले. शेगडी दोन पावलांवर होती. पाठीमागून हे म्हणाले, "थांब."

मी शेगडी बंद केली आणि मग धडाम झालं. वळून पाहिलं तर ओट्याच्या कडेला रक्त आणि हे खाली. दुधाचा एक थेंबसुद्धा सांडला नव्हता.

शेजारची नंदुरबारकडची बाई धावत आली. "काय व्हयनं वो ताई?" माझ्या तोंडून निघालं, "स्टुलाचा पाय मोडका होता." मग तेच दवाखान्यात सांगितलं, कारखान्यातल्या लोकांना सांगितलं, दिरांना सांगितलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आले, तेव्हा ते धडधाकट स्टूल भंगारवाल्याला देऊन टाकलं. कुणी तपासायला येणार नव्हतं. घरात ना कॅमेरा, ना चिठ्ठी, ना साहेब. मला हवं होतं तसंच सगळं होतं.

जानेवारीत पुन्हा सप्ताह आला आणि पुन्हा माझ्याच गळ्यात पडला. चौकात पोरं फलक घेऊन उभी होती. एका पालकाला मी थांबवलं. मागे त्याची बायको, पुढे टाकीवर लेक, तिघांचीही डोकी उघडी. तो हसून म्हणाला, "मॅडम, आदमी तो घर में भी गिरता है. वहाँ भी हेल्मेट पहनाओगी क्या?" पोरं हसली. माझंच वाक्य माझ्यावर उलटलं होतं. मी बाजूला झाले आणि तो गेला.

आता घरात मीच सरकार आहे, आणि असलं सरकार कुणाला परवडणार नाही. मोरीची आतली कडी काढून टाकली. भिंतीला दांडे ठोकले. सुरी कपाटात, माचिस कपाटात, खुर्च्या भिंतीला लावलेल्या. ह्यांना एकट्याने गॅलरीत जायची बंदी आहे. मी शाळेत असताना शेजारीण येऊन बसते, आणि त्या बिचारीलाही मी दाराशी उभं राहून दहा सूचना देते. एवढं करून काय मिळतं? हे गप्प बसून असतात. ज्याच्यासाठी नियम करायचे ते माणूसच उरलं नाही. रोज संध्याकाळी चित्रांची पुस्तकं उघडून मी म्हणते, "हा कप. म्हणा, कप." हे माझ्या तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, "थांब." मला ओरडावंसं वाटतं. दोनदा ओरडलेही.

त्या वापीच्या बाई गेल्या आठवड्यात म्हणाल्या, दोघांचे जुने फोटो दाखवा, ओळखीच्या गोष्टीवरून कधी शब्द सुटतो. शोधले तर लक्षात आलं, अलीकडचा आमचा दोघांचा फोटो एकच आहे, चलानचा. आमचे कोण काढणार फोटो? म्हणून काल तो मोठा करून ह्यांच्यासमोर धरला. इतक्या महिन्यांत मी फक्त माझं बोडकं डोकं पाहिलं होतं. नीट बघितलं तर हे मान जरा मागे वळवून मला काहीतरी सांगत होते आणि मी हसत होते. काय सांगत होते? मला काही केल्या आठवेना.

ह्यांनी बराच वेळ फोटो पाहिला. मग डावा हात उचलून फोटोतल्या माझ्या डोक्यावर बोट टेकवलं, आणि तोच हात माझ्या खऱ्या डोक्यावर ठेवला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, स्टूल मोडकं नव्हतं. मी हात सोडले. दूध उतू जात होतं." कुणाला सांगितलं नव्हतं ते ह्यांना सांगितलं. ह्यांचे ओठ हलले, दोनदा हलले, काहीतरी घशापर्यंत आलं होतं, मला स्पष्ट दिसत होतं.

"थांब," हे म्हणाले.

मी थांबले. हात डोक्यावर तसाच होता. स्वयंपाकघरात तापत ठेवलेलं दूध उतू गेलं, शेगडीवर चरचरलं, जळका वास घरभर पसरला, तरी मी उठले नाही.